घरातल्या अग्नीची निगा : प्रस्तावना

साताऱ्याच्या ज्या वाड्यात माझे बालपण गेले, त्याच्या मागच्या पडवीत, न्हाणीच्या दाराबाहेर, तांब्याचा एक बंब उभा असे. आणि पहाटे आजी त्याच्या मधल्या नळकांड्यात शेणकुटांचे तुकडे, उसाची चिपाडे आणि वर दोन निखारे टाकून तो पेटवू लागली, की धुराचा पहिला लोट विरेपर्यंत न्हाणीत जाऊन कोणी दार लावून घ्यायचे नाही, असा तिचा हुकूम होता. आठ-पंधरा दिवसांनी ती काठीला काथ्याचा बोळा बांधून ते नळकांडे आतून घाशी, काजळी काढी, खालची जाळी उलटी करून ठोकी आणि तोटीला चिंच लावी. बंबाचा लांब दांड्याचा चिमटा सदैव एकाच खिळ्याला अडकवलेला असे, व तो जागेवर नसला तर घरातल्या प्रत्येकाची झडती होई. ह्या खटाटोपाला तिने कधी काही नाव दिले नाही. अग्नी घरात ठेवायचा म्हणजे त्याची निगा राखायची, एवढे तिला ठाऊक होते. आणि ज्या दिवशी निगा राहणार नाही त्या दिवशी तो धूर करून, डोळे चोळायला लावून, स्वतःच तक्रार नोंदवील, ह्याविषयीही ती निःशंक होती.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय हीच निगा आहे. फरक इतकाच, की तिचा विषय झालेला अग्नी आता धूर करीत नाही. स्वयंपाकघरातील गॅसची शेगडी, तिला जोडलेला सिलिंडर, रेग्युलेटर व नळी, न्हाणीघरातला गॅस गिझर, परसातला गोबरगॅस आणि अलीकडे रस्त्याखालून येऊ घातलेला नळाचा वायू, एवढा ह्या विषयाचा पसारा आहे. शिकागो किंवा टोराँटो येथे संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांच्या घरी तळघरात एक वायूची भट्टी असते व ती हिवाळाभर सारे घर ऊबदार ठेवते. महाबळेश्वर-पाचगणीचा अपवाद सोडला, तर कृष्णाकाठच्या आपल्या हवेत तसल्या भट्टीची गरज कोणाला भासली नाही. परंतु त्या भट्टीचे आणि आपल्या न्हाणीतल्या गिझरचे दुखणे एकच आहे. दोन्हीकडे बंदिस्त जागेत ज्योत जळते, दोन्हीकडे पातळ धातूच्या पोकळीतून उष्णता पाण्याला किंवा हवेला दिली जाते, आणि दोन्हीकडे काजळी साचली, धुराडे तुंबले वा हवा अपुरी पडली, की ज्योत निळ्याची पिवळी होऊन विषारी वायू ओकू लागते. तिकडे भिंतीवर त्या वायूची चाहूल घेणारे यंत्र लावण्याचा प्रघात पडला आहे. इकडे अजून तो पडलेला नाही.

घरगुती अग्नीचा इतिहास लिहायचा तर तो चुलीपासूनच लिहावा लागेल. आपली चूल आणि तिच्या कुशीतला वैल ही एक शास्त्रशुद्ध जोडी होती, कारण चुलीची वाया जाणारी धग वैलावरच्या भांड्याला मिळे. तथापि लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्साच भांड्यापर्यंत पोहोचे आणि उरलेल्या धुराचा भार बायकांच्या डोळ्यांवर व फुप्फुसांवर पडे. वायूचा अग्नी ह्या प्रांतात प्रथम आला तो दिव्याच्या रूपाने: मुंबईत १८६५ साली दगडी कोळशाच्या वायूवर रस्त्यांतले दिवे लागले, आणि १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून वायू काढून वापरण्याचा प्रयोग झाला. आमच्या जिल्ह्यांत मात्र त्या काळी रॉकेलचेच राज्य होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडनजीक काचेचा कारखाना काढला, ज्याच्या प्रभाकर कंदिलाने पुढे महाराष्ट्रातील असंख्य ओसऱ्या उजळल्या. कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने पुसायची, वात कापून सरळ करायची, हे काम घरातल्या मुलांकडे असे. म्हणजे निगेचे पहिले धडे आमच्या पिढीने ह्या कंदिलावरच गिरवले.

कंदिलापाठोपाठ हवा भरण्याचा पितळी स्टोव्ह आला आणि त्याच्याबरोबर पिन आली. पत्र्याच्या चिमुकल्या पट्टीला बसवलेली ती बारीक तार स्टोव्हच्या भोकात खुपसली, की तुंबलेली ज्योत फर्रर्र आवाज करीत पुन्हा उसळे. ही पिन मी मुद्दाम सांगतो, कारण तिची सवय आमच्या हातांतून अजून गेलेली नाही. गॅसच्या शेगडीचा जेट हा काटेकोर मापाने पाडलेला असतो. त्यात सुई वा पिन घालून खोदले, की भोक किंचित रुंदावते, वायू जास्त आणि हवा कमी असे प्रमाण बिघडते, ज्योत लांब व पिवळी होते आणि भांड्यांचे बूड काळे पडू लागते. मग गृहिणी 'गॅस खराब आला' म्हणून वितरकाकडे तक्रार करते. जुन्या यंत्राची विद्या नव्या यंत्रावर तशीच चालवली म्हणजे शहाणपणाचेही अज्ञान कसे होते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

सिलिंडरचा वायू मुंबईत १९५५ साली 'बर्शेन' ह्या नावाने घरोघर जाऊ लागला. १९६५ साली इंडेनची पहिली जोडणी कलकत्त्यात झाली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत तालुक्याच्या गावांपर्यंत लाल सिलिंडर पोहोचला. आज घरोघर येणाऱ्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. प्रोपेन आणि ब्युटेन ह्यांचे ते मिश्रण दाबाखाली द्रवरूप असते, व बाहेर पडताच सुमारे अडीचशे पट फुगते. ते हवेपेक्षा जड असल्यामुळे गळले तर वर न जाता जमिनीवरून पाण्यासारखे सरकत मोरीत, तळघरात वा पलंगाखाली साचते. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. वास आला की दिव्याच्या बटनाला हात न लावता (ते चालू करायचे नाही, तसेच बंदही करायचे नाही) रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि बाहेर जाऊन १९०६ ह्या क्रमांकावर कळवावे, हा नियम बहुतेकांना आता पाठ आहे.

पाठ नसलेली गोष्ट दुसरीच आहे, आणि माझ्या मते ह्या साऱ्या विषयाचे मर्म तेथे आहे. न जळलेल्या वायूला वास असतो. अर्धवट जळलेल्याला नसतो. पुरेशी हवा न मिळता वायू जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही, तो डोळे चुरचुरवीत नाही की खोकला आणीत नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले, की हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावून माणसाला आतून गुदमरवतो. आणि इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत जॉन स्कॉट हॉल्डेन ह्यांनी माणसाआधी कोसळणाऱ्या लहानग्या पक्ष्यांना पहारेकरी नेमण्याची शिफारस केली, ती ह्याच कारणाने. आमच्या चुलीचा धूर हाही ह्या वायूने भरलेलाच असे. परंतु तो धुराच्या सोबतीने येई, आणि धूर माणसाला अंगणात हुसकावून लावी. निर्धूर अग्नीने ती सोबत काढून घेतली. नाक हा अर्धाच पहारेकरी उरला.

पुढील हिशेब वाचकाने आपल्या न्हाणीघरात टेप घेऊन स्वतः करून पाहावा. सहा फूट लांब, चार फूट रुंद व आठ फूट उंच खोलीत साडेपाच घनमीटरांच्या आसपास हवा मावते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण शक्तीने चालला, तर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम वायू जाळतो. आणि तेवढा वायू नीट जळण्यास जवळजवळ दोन घनमीटर हवा लागते. म्हणजे दार-खिडकी घट्ट लावून केलेल्या एका निवांत स्नानात खोलीतील एक तृतीयांशाहून अधिक हवेचा प्राणवायू ज्योतच पिऊन टाकते. आणि तेवढा संपण्याच्या पुष्कळ आधी ती आजारी पडून विष सोडू लागते. दारामागे असलेल्या माणसाला ह्याचा पत्ता लागत नाही, कारण पाणी कढतच येत असते.

सांगलीच्या गावभागात माझ्या एका आप्तांच्या घरी हा हिशेब मी कागदाबाहेर घडताना पाहिला. डिसेंबरचे दिवस होते, गार वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला होता, आणि गिझर खोलीच्या आतच, नळाच्या डोक्यावर बसवलेला होता. पुतणी न्हायला गेली. थोड्या वेळाने तांब्या पडल्याचा आवाज आला, आणि हाकेला ओ नाही म्हणून कडी उचकटली, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती व गिझरच्या काचेमागे पिवळी, लवलवती ज्योत चालू होती. तिला अंगणात आणले, वाऱ्यावर निजवले, इस्पितळात नेले, ती वाचली. परंतु जी गोष्ट मनात राहिली ती पुढची. घरातल्या तिघांना त्या आठवड्यात सकाळी डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे असा त्रास होत होता, आणि त्याची कैफियत सर्वांनी एकमुखाने पित्ताच्या नावे लिहिली होती. नंतर गिझर उघडला तेव्हा तांब्याच्या पंखांमधल्या फटी काजळीने इतक्या लिंपल्या होत्या, की पलीकडचा उजेड दिसेना. बसवल्यापासून पाच हिवाळ्यांत त्याला कोणाचा हात लागला नव्हता. आणि हात लावायचा असतो, हे त्या घराला कोणी सांगितले नव्हते.

ह्या विषयाचा विचार आपल्याकडे तीन संप्रदायांनी केला आहे, असे म्हणता येईल. पहिला संप्रदाय उपकरण घडवणाऱ्यांचा. यंत्रच असे करावे की निष्काळजी हातांतही ते अपाय करणार नाही, ही त्यांची श्रद्धा. वर्ध्याच्या मगन चुलीपासून १९८३ साली सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमापर्यंत हा प्रवाह वाहत आला, आणि त्यातील दोन मोठी ठिकाणे सातारा जिल्ह्यातील फलटणशी निगडित आहेत. १९६८ साली स्थापन झालेल्या तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत प्रकाश व उष्णता एकाच उपकरणातून देणाऱ्या कंदील-शेगडीवर, तसेच उसाचे पाचट जाळून ज्वलनशील वायू निर्मिणाऱ्या भट्टीवर काम झाले, आणि डॉ. आनंद कर्वे ह्यांनी १९९६ साली स्थापिलेल्या, पुणे व फलटण येथे काम केलेल्या 'आरती' ह्या संस्थेने निर्धूर चुली आणि खरकट्यावर चालणारे आटोपशीर बायोगॅस संयंत्र लोकांपुढे ठेवले. जशभाई पटेलांच्या तरंगत्या टाकीच्या नमुन्यावरून खादी-ग्रामोद्योग आयोगाने पसरवलेला गोबरगॅसही ह्याच परंपरेतला. सांगली-कोल्हापूरकडील गोठ्यांमागे त्याच्या टाक्या अजून दिसतात.

दुसरा संप्रदाय नियमाचा. भारतीय मानक संस्थेने गॅसच्या शेगडीसाठी आय.एस. ४२४६ आणि न्हाणीतील लहान गिझरसाठी आय.एस. १५५५८ अशी मानके ठरवली. पोलादी तारेने मजबूत केलेली केशरी नळी आणि तिची पाच वर्षांची मुदत, सिलिंडरच्या कड्यावर पुढील चाचणीची तिमाही सांगणारे ए, बी, सी, डी हे अक्षर व त्यापुढील साल, डिलिव्हरीच्या वेळी वजन करून मागण्याचा ग्राहकाचा हक्क, हे सर्व ह्याच संप्रदायाचे देणे आहे. त्याचे बळ मोठे, पण त्याचे दप्तर घराच्या उंबऱ्याशी थांबते. शिक्का असलेला गिझर घेऊन तो बिनझरोक्याच्या खोलीत ठोकला, तर शिक्क्याचा काय उपाय?

तिसरा संप्रदाय कारागिरांचा, आणि तो कोठेही लिहिलेला नाही. विटा, खानापूर, आटपाडी ह्या सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेले गलाई बांधव आज भारतभरच्या सराफ कट्ट्यांत सोने-चांदी गाळतात. मुशीतल्या धातूचा रंग आणि भट्टीच्या ज्योतीचा आवाज ह्यांवरून काम कोठवर आले हे ते सांगू शकतात. गुऱ्हाळातला गुळव्या चुलवणाची आच नुसत्या नजरेने मोजतो. हळद शिजवणारा वाफेच्या वासावरून कढई उतरवतो. अग्नी वाचण्याची इतकी विद्या सातारा-सांगली ह्या ज्या दोन जिल्ह्यांत पोटापाण्याचे साधन झाली, तेथील माणूस घरी आला म्हणजे गिझरच्या काचेकडे ढुंकूनही पाहत नाही, ह्याचे मला नवल वाटत आले आहे. कामाचा अग्नी आपला आणि घरातला अग्नी कंपनीचा, अशी काहीशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. आजीच्या बंबाबरोबर गेले ते हे मालकीचे नाते. चूल तिची होती, म्हणून ती सारवली जाई. गॅसला सारवण नाही, अशी आपली समजूत झाली.

हा विषय आजच हाती घेण्यास तीन कारणे आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ज्या घरांत सिलिंडर नेला, तेथे शेगडी पोहोचली पण शेगडीची विद्या पोहोचवण्याची तजवीज तेवढ्या प्रमाणात झाली नाही. चूल आणि गॅस एकाच खोलीत, एकाच वाऱ्यावर, नांदताना आजही दिसतात. दुसरे कारण कृष्णामाईचे. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत शिरलेले पाणी ओसरल्यावर लोकांनी शेगड्या धुऊन, उन्हात वाळवून पेटवल्या. परंतु बर्नरच्या खालच्या नळीत, जेथे वायूत हवा मिसळते, तेथे गाळाचा थर सुकून बसलेला होता, आणि पाण्याखाली गेलेला रेग्युलेटर वरून कोरडा दिसला तरी आतल्या पडद्याने व स्प्रिंगने काम सोडलेले असू शकते, ही जाणीव फार थोड्यांना होती. असा रेग्युलेटर पुसून वापरण्याचा नसतो. तो बदलूनच घ्यावा लागतो.

तिसरे कारण नळाच्या वायूचे. २०१८ साली सातारा व सांगली हे दोन जिल्हे नगर-वायू-वितरणाच्या नकाशावर एकत्र आले, आणि ज्या वस्त्यांत हा वायू येईल तेथे एक नवीच शिकवण लागणार आहे. नळातला वायू मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जाणारा. सिलिंडरच्या वायूसाठी जमिनीलगत वाट हवी, ह्याला छताजवळ. त्याचा जेटही वेगळा, मोठ्या भोकाचा. नळावरची शेगडी जेट न बदलता गावाकडे नेऊन सिलिंडरला जोडली, तर ज्योत हातभर उसळेल आणि काजळी धरील. म्हणजे जी विद्या आत्ता कोठे अंगवळणी पडू लागली, तिची उजवी-डावी बाजू बदलण्याची वेळ आली आहे.

अशा वेळी प्रस्तुत पुस्तकाने काय योजले आहे? लेखक पेशाने दुरुस्ती करणारे आहेत, आणि त्यांनी दुरुस्तीचे पुस्तक लिहिले नाही, ही त्यांच्या विवेकाची पहिली खूण. घरच्या माणसाने काय पाहावे, काय पुसावे, काय बदलून घ्यावे आणि कशाला हात लावू नये, ह्या चार पायऱ्यांवर त्यांनी सारी मांडणी केली आहे. पाहण्याच्या गोष्टी सर्वांत अधिक: ज्योतीचा निळा शंकू स्थिर आहे की उडतो, तिची टोके पिवळी आहेत काय, भांडे काळे पडते काय, नळी उंदराने कुरतडली आहे काय किंवा वाकवल्यावर तिला भेगा दिसतात काय, साबणाचा फेस सांध्याला लावल्यावर बुडबुडा धरतो काय, गिझर खोलीबाहेर आहे काय व त्याच्या ज्योतीला आणि धुराला मोकळे आकाश आहे काय. पुसण्याच्या गोष्टी त्याहून कमी. आणि हात न लावण्याची यादी लहान पण निक्षून सांगितलेली: रेग्युलेटर उघडायचा नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह ठोकायचा नाही, ज्योत नसताना वायू तोडणारी गिझरची सुरक्षायोजना 'अडते' म्हणून काढून टाकायची नाही, आणि गिझर वारंवार आपोआप विझत असेल तर तो पुन्हा पुन्हा पेटवण्यापूर्वी, विझून तो काय सांगतो आहे, हे विचारायचे.

पुस्तकात उणीव नाही असे मी म्हणणार नाही. गोबरगॅसच्या टाकीची निगा त्यांनी थोडक्यात आटोपली आहे, आणि शेतकरी वाचकाला ती तोकडी वाटेल. भाषाही जागोजाग कारखान्यातली आहे. पण 'बर्नर', 'जेट', 'वॉशर' हे शब्द दुकानात जसे बोलले जातात तसेच त्यांनी ठेवले, हे मला योग्यच वाटते. कारण वाचकाला उद्या तेच शब्द कारागिराशी बोलायचे आहेत, आणि ज्याला दुखण्याचे नाव सांगता येते त्याला वाटेल ते बिल भरावे लागत नाही.

वाचकांस एवढीच विनंती, की हे पुस्तक काचेच्या कपाटात शोभेला ठेवू नये. त्याच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवावी आणि न्हाणीच्या दाराबाहेर, आमच्या वाड्यात बंबाचा चिमटा जेथे असे तशा जागी, खिळ्याला अडकवावे. आणि ते जागेवर दिसले नाही, तर घरातल्या प्रत्येकाची झडती घ्यावी.